गाडीला बंद, पायाला उघडी

पेणपासून रोह्यापर्यंतच्या पट्ट्यात भातशेतीचे बिगरशेती प्लॉट पडू लागले, त्याला आता बराच काळ लोटला. या व्यवहारात विकणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: ‘प्लॉट आतल्या बाजूला आहे, पुढे रस्ता बंद आहे, रहदारीची कटकट नाही.’ घेणाराही या वाक्यावर खूश होतो. ठाणे-डोंबिवलीत रस्त्यालगतच्या फ्लॅटमध्ये खिडक्या लावून राहिलेला माणूस बंद गल्लीतल्या शेवटच्या प्लॉटसाठी चार पैसे जास्त मोजायला तयार होतो. त्याच गल्लीत पंधरा-वीस वर्षे काढलेल्या माणसाला विचारले, तर वेगळेच ऐकू येते. घंटागाडी आत येत नाही, पावसाचे पाणी शेवटच्या दोन घरांच्या ओट्याला लागते, आणि मागच्या आळीत असलेल्या दवाखान्यात जायला सगळा वळसा घालावा लागतो. दोघेही खरेच बोलत असतात. मात्र ते एकाच भिंतीच्या दोन निरनिराळ्या परिणामांबद्दल बोलत असतात, आणि हे परिणाम एकमेकांपासून सोडवता येतात. गल्लीत शांतता येते ती गाडी थांबल्यामुळे आणि त्रास होतो तो माणूस व पाणी थांबल्यामुळे. तेव्हा गल्ली बंद असावी की उघडी, असा प्रश्न विचारण्यापेक्षा ती कोणासाठी बंद असावी हे ठरवले पाहिजे. माझे उत्तर असे की, गाडीसाठी ती खुशाल बंद असावी, पण पायी माणसासाठी आणि पावसाच्या पाण्यासाठी ती कधीही बंद असू नये.

हे म्हणणे तपासायला अष्टमीसारखे गाव बरे. कुंडलिकेच्या उत्तर तीरावर अष्टमी, समोर रोहे, आणि दोन्ही मिळून एक नगरपरिषद. २०११च्या जनगणनेत दोन्ही तीरांची मिळून वस्ती वीस हजारांच्या आसपास होती. नदी पुढे रेवदंड्याशी समुद्राला मिळते. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास रायगडाकडे निघालेला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन चौलहून होडीने नदीतून वर येऊन अष्टमीला उतरला आणि तिथून निजामपूरच्या वाटेने पुढे गेला. म्हणजे माणसे आणि माल येथे उतरून पुढे जात, हेच या गावाचे जुने महत्त्व. रेल्वेच्या बाबतीत रोहे मात्र काही वर्षे खरोखरच बंद गल्लीचे टोक होते. १९८६ मध्ये आलेली गाडी तिथेच थांबे. पुढे कोकण रेल्वे झाली, २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्ग सुरू झाला, आणि शेवटचे स्टेशन वाटेवरचे झाले. गाव म्हणून आपल्याला वाटेवर असणे हवे असते आणि घर म्हणून वाटेपासून दूर. या दोन इच्छांत विसंगती आहे असे मला वाटत नाही, फक्त दोन्ही एका भिंतीने पुऱ्या होत नाहीत.

बंद गल्लीची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती भक्कम आहे. मुले दाराबाहेर खेळू शकतात, म्हातारी माणसे संध्याकाळी रस्त्यातच खुर्ची टाकून बसतात, अनोळखी माणूस आत शिरला तर चार घरांतून ‘कोण पाहिजे?’ असे विचारले जाते. ही नुसती हळवी समजूत नव्हे. डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकाराने १९६०च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्याच रस्त्यांची तुलना केली. एकावर दिवसाला सुमारे दोन हजार वाहने, दुसऱ्यावर आठ हजार, तिसऱ्यावर सोळा हजार. कमी रहदारीच्या रस्त्यावरच्या रहिवाशांना आपल्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, जास्त रहदारीच्या रस्त्यावर जेमतेम एक. मोठ्या रस्त्यावरची माणसे आपले घर म्हणजे फक्त आपला दरवाजा समजत, लहान रस्त्यावरची माणसे अख्खा रस्ता आपला समजत. पण या अभ्यासातली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ॲपलयार्डचे तिन्ही रस्ते दोन्ही टोकांना उघडे होते. शेजार टिकला तो वाहने कमी होती म्हणून, त्यासाठी टोकाला भिंत लागली नाही.

तरीही भिंतीचे स्वतःचे काहीच देणे नाही, असे म्हणणे घाईचे होईल. टॉमस हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात सरळ जाणारे रस्ते, टोकाला नुसते संपणारे रस्ते आणि टोकाला गोल मोकळी जागा असलेले रस्ते अशी तुलना केली. शेजाऱ्यांची जवळीक सर्वांत जास्त आढळली ती गोल मोकळी जागा असलेल्या गल्लीत. नुसत्या संपणाऱ्या रस्त्याला तेवढे श्रेय मिळाले नाही. याचा अर्थ माणसे जोडण्याचे काम भिंतीपेक्षा तिच्या अलीकडची मोकळी जागा करते. मराठी माणसाला हे अमेरिकेकडून शिकायची गरज नव्हती. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, त्यामागे लोकमान्यांची हाक होतीच, पण गिरगावच्या चाळी-वाड्यांत गाड्या न शिरणारी आणि सगळ्या गॅलऱ्यांतून दिसणारी मोकळी जागाही होती. त्या जागेत पायी येणाऱ्याला कोणी अडवत नव्हते. म्हणजे ज्या गुणांसाठी आपण बंद गल्लीचे कौतुक करतो, त्यांना दोन गोष्टी पुरतात: वाहने कमी आणि उभे राहायला जागा. पायी माणसाचा मार्ग अडवल्याने या दोहोंत काडीचीही भर पडत नाही.

अशी गल्ली कायद्याने रीतसर बांधली गेली, त्याची कथाही हेच सांगते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये रोगराईच्या भीतीने रस्ते दोन्ही टोकांना उघडे ठेवण्याचे पोटनियम झाले होते. हवा खेळावी, झाडलोट व्हावी, हा हेतू. त्यामुळे लंडनजवळच्या हॅम्पस्टेड उद्यान-वसाहतीत रेमंड अनविन यांना बंद गल्ल्या आखायच्या होत्या, तेव्हा १९०६ मध्ये ब्रिटिश संसदेकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागला. पुढे १९२९ मध्ये न्यू जर्सीतल्या रॅडबर्न येथे क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी घरांना एका बाजूने मोटारीची बंद गल्ली दिली आणि दुसऱ्या बाजूने बागेत उघडणारी पायवाट. पायवाट मोठ्या रस्त्याखालून भुयाराने पलीकडे जाई, म्हणजे मुलाला गाडीचा रस्ता न ओलांडता शाळेत जाता यावे. ही मूळ कल्पना. तिच्यातली गाडीची गल्ली जगभरच्या बिल्डरांनी उचलली आणि पायवाट सोडून दिली, कारण पायवाटेला जागा लागते आणि ती विकता येत नाही.

मुंबईने याच्या उलट टोकाची चूक अनुभवली आहे. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत समुद्राचा वारा शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते सरळ कापून काढले गेले. वारा आला असेल, पण त्या रेषेतली घरे आणि शेजार गेले. १९१४ मध्ये हिंदुस्थानात आलेले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे पॅट्रिक गेडिस यांनी या पद्धतीला जोरदार विरोध केला. त्यांचा आग्रह असा की, जुन्या वस्तीत मोठा रस्ता घुसवण्याऐवजी कुठे एखादे पडके घर काढून चौक करावा, कुठे बोळाचे टोक पायवाटेने मोकळे करावे, बाकी वस्ती जशी आहे तशी राहू द्यावी. शंभर वर्षांनंतरही, रोह्या-अष्टमीच्या आकाराच्या गावांसाठी, यापेक्षा शहाणा सल्ला कोणी दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडच्या बहुतेक बंद गल्ल्या मात्र अनविन किंवा स्टाइनच्या कल्पनेतून आलेल्या नाहीत. त्या गटनंबरातून आल्या आहेत. एका खातेदाराची जमीन विकसकाने घेतली, मधोमध रस्ता टाकला, दोन्ही बाजूंनी प्लॉट पाडले, आणि रस्ता शेजाऱ्याच्या बांधाला जाऊन थांबला. कागदावर तो पुढे जायचा असतो. शेजारची जमीन विकसित झाली की जोडला जाईल, असे सगळे धरून चालतात. मग शेजारच्या खातेदाराचा विकसक वेगळा निघतो, त्याचा रस्ता दुसऱ्या बाजूने येतो, मध्ये कंपाऊंडची भिंत उठते, आणि दोन रस्ते एकमेकांपासून हातभर अंतरावर कायमचे तुटतात. गुंठेवारीत तर हे सर्रास. ज्या वस्त्या नियमात बसवण्यासाठी राज्याला २००१ मध्ये स्वतंत्र अधिनियम करावा लागला, त्यांत रस्ता म्हणजे प्लॉट विकून उरलेली पट्टी. अशा गल्लीला रचना म्हणणे म्हणजे कापून उरलेल्या चिंधीला शिवण म्हणण्यासारखे आहे. तिच्यात बंद गल्लीचे तोटे सगळे असतात, आणि फायदे निम्मेच, कारण टोकाला वळायची जागासुद्धा नसते.

नियमांना हे ठाऊक नाही असे नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत आणि महाराष्ट्राच्या विकास नियंत्रण नियमांत बंद गल्लीसाठी स्पष्ट अटी आहेत. ती फक्त निवासी भागात आणि सरळ रस्त्यावर असावी. लांबी साधारणपणे १५० मीटरपर्यंत. त्याहून लांब हवी असेल तर १५० मीटरवर वळायला जादा जागा सोडायची, आणि तरीही २७५ मीटरच्या पुढे जायचे नाही. वळण्याची जागा किमान ८१ चौरस मीटर, आणि तिची कोणतीही बाजू ९ मीटरपेक्षा कमी नको. आणि एक अट अशी, जिच्याकडे प्लॉट घेणाऱ्याचे लक्ष सहसा जात नाही: गल्लीचे बंद टोक तिच्या तोंडापेक्षा उंच असले पाहिजे. ही शेवटची अट कोकणात वाचली की तिची किंमत कळते. कारण तिथे गल्लीचा खरा वापरकर्ता चार महिने पाऊस असतो.

रोहे तालुक्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कुंडलिकेला भिऱ्याच्या वीजकेंद्रातून येणारे पाणी १९२७ पासून मिळते, त्यामुळे ती बारमाही वाहती. पावसाळ्यात घाटमाथ्यावरचे पाणी तिच्यात उतरते आणि खालून खाडीची भरती चढते. जिल्हा प्रशासनाच्या पत्रकात तिची धोक्याची पातळी २३.९५ मीटर अशी दिलेली असते, आणि जुलैत तालुक्यात या आकड्याची चर्चा दुकानादुकानांत होते. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत महाडात सावित्रीने हाहाकार केला, तेव्हा कुंडलिकाकाठही धास्तावलेला होता. आता नदीकाठच्या गावाचा उतार बघा. मुख्य रस्ता उंचावर असतो आणि त्यातून फुटलेली गल्ली नदीकडे उतरत जाते. जुन्या आळ्यांचे खालचे टोक पाण्याकडे उघडे असे. माणसे तिथून नदीवर जात आणि पावसाचे पाणीही तिथूनच जाई. त्या टोकाला कंपाऊंड उभे राहिले की नियम नेमका उलटा होतो: बंद टोक सर्वांत खाली. मग अख्ख्या गल्लीच्या छपरांचे आणि सिमेंट केलेल्या अंगणांचे पाणी शेवटच्या घरापाशी जमते. भिंतीखालून एक पाइप काढलेला असतो. तो पहिल्या जोरदार सरीत पालापाचोळा आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी तुंबतो, आणि शेजारी शेजाऱ्याशी भांडतो.

यावर कोणी म्हणेल की, मग नियम पाळा, टोक उंच ठेवा, प्रश्न मिटला. इथे एक मेख आहे. टोक उंच ठेवण्याची अट पावसाच्या पाण्यासाठी आहे, नदीच्या पुरासाठी नाही. टोक उंच आणि तोंड खाली असेल तर गल्लीतले पाणी सहज वाहून जाते हे खरे, पण नदी चढते त्या दिवशी आधी बुडते ते गल्लीचे तोंड. आतली घरे कोरडी राहतात आणि आतली माणसे अडकतात. मग दूध, औषध, डायलिसिसचा रुग्ण, बाळंतपण, सगळ्यांसाठी एकच दार आणि ते गुडघाभर पाण्यात. म्हणजे टोक खाली असले तर पाणी कोंडते, वर असले तर पुरात माणूस कोंडतो. नदीकाठच्या गावात बंद टोकाला निदान एक मोकळी फट, पायी जाण्याइतकी आणि गटार वाहण्याइतकी, हवीच. उतार कोणत्याही दिशेचा असो, या निष्कर्षातून सुटका नाही. टोक उघडले तर नदीचे पाणी त्या वाटेने आत येईल, ही शंका रास्त आहे, पण विटांच्या कंपाऊंडने पूर थांबत नाही. तो गटारातून, पाइपमधून, भिंतीखालून उलटा येतोच. भिंत फार तर त्याचे येणे थोडे लांबवते. ओसरणे मात्र ती कितीतरी जास्त लांबवते, आणि घराचे खरे नुकसान पाणी किती वेळ थांबले यावर ठरते.

गाड्यांचा मुद्दा तुलनेने सोपा. अग्निशामक गाडी, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, गॅस सिलिंडरचा टेम्पो, शौचालयाची टाकी उपसणारी गाडी, यांना आत जाऊन वळता आले पाहिजे. वळायची ८१ चौरस मीटर जागा कागदावर असते, प्रत्यक्षात तिथे दोन मोटारी, एक बंद पडलेली रिक्षा आणि बांधकामाची उरलेली खडी असते. घंटागाडीचा चालक दीडशे मीटर मागे-मागे जायला तयार नसतो, म्हणून तो तोंडाशी घंटा वाजवून जातो, आणि आतल्यांच्या कचऱ्याचा ढीग कोपऱ्यावर लागतो. रोह्याला याहून गंभीर एक कारण आहे. गावाजवळच धाटावची औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्यात रासायनिक कारखाने आहेत. वायुगळतीच्या प्रसंगी वाऱ्याची दिशा पाहून आडव्या बाजूने निघून जा, असे सांगतात. ज्या गल्लीला एकच तोंड आहे तिथल्या माणसाला दिशा निवडायला मिळत नाही.

आता चालण्याचा हिशेब. दोन शेजारच्या बंद गल्ल्या धरा, प्रत्येकी नियमातल्या १५० मीटर लांबीच्या, आणि त्यांची शेवटची घरे पाठीला पाठ लावून. या घरातून त्या घरात हाक ऐकू जाते, पण चालत जायचे तर १५० मीटर बाहेर, तोंडापाशी थोडे आडवे आणि पुन्हा १५० मीटर आत, म्हणजे तीनशे मीटरहून जास्त. गल्ल्या २७५ मीटरच्या असतील तर साडेपाचशे. ज्याच्याकडे स्कूटर आहे तो किल्ली फिरवतो, आणि ज्या रहदारीपासून सुटका म्हणून बंद गल्ली घेतली तिच्यात स्वतःच भर घालतो. ज्याच्याकडे नाही, त्याचे पाय मोजले जातात. डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन दारोदार फिरणारी कोळीण, पेपरवाला, घरकामाला चार घरी जाणारी बाई, धुणे नेणारा परीट, शाळकरी मुले, सत्तरी ओलांडलेली माणसे. बंद टोकाचा भार यांच्यावर पडतो आणि शांततेचा लाभ मोटार असलेल्याला मिळतो. या असमान वाटणीबद्दल नगरपरिषदेच्या सभेत बोलले जायला हवे, कारण रस्ता सर्वांच्या पैशाने होतो. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने २००९ मध्ये असाच हिशेब मांडला आणि नव्या वसाहतींचे रस्ते शेजारच्या रस्त्यांशी जोडलेले असतील तरच त्यांची देखभाल सरकार करील, असा नियम केला.

या सगळ्यावर सर्वांत जोरदार आक्षेप चोरांचा. टोकाला पायवाट ठेवली की चोराला पळायला वाट मिळते, दारुड्यांचा अड्डा होतो, बायकांना भीती वाटते. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले बिल हिलियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या वसाहतींतल्या घरफोड्यांचा अभ्यास केला, त्यात घरांच्या पाठीमागून जाणाऱ्या पायवाटांनी जोडलेल्या बंद गल्ल्या खरोखरच धोक्याच्या आढळल्या. तिथले पोलिसही अशा पायवाटा टाळण्याचा सल्ला देतात. पण त्याच अभ्यासात साध्या, सरळ, लहान, दोन्ही बाजूंनी घरांची दारे समोरासमोर असलेल्या आणि नीट जोडलेल्या रस्त्यांना लागून असलेल्या गल्ल्या सुरक्षित निघाल्या. धोका कुठून येतो ते यावरून कळते. कंपाऊंडच्या मागच्या बाजूने, दोन उंच भिंतींमधून, दिव्याविना वळत गेलेली वाट चोराच्या सोयीची. गल्लीच्या रेषेतच सरळ पुढे गेलेली, या टोकाहून त्या टोकाचा दिवा दिसेल अशी, घरांच्या दारांपुढून जाणारी वाट शेजाऱ्यांच्या नजरेत राहते. तेव्हा आक्षेपाने पायवाट रद्द होत नाही, ती कुठून काढू नये हे ठरते. नगरपरिषदेने इथे कंजूषपणा करून पाठीमागची उरलेली पट्टी पायवाट म्हणून दिली, तर रहिवाशांनी विरोधच करावा.

दुसरा आक्षेप दुचाकींचा, आणि तो मला पहिल्याहून अवघड वाटतो. पायवाट चार फुटांची केली की उद्या तिथून मोटारसायकली जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. लोखंडी खांब रोवले तर खांबांमधून जातात, पायऱ्या केल्या तर आजींना आणि चाकाच्या खुर्चीला अडचण. आडवेतिडवे गज बसवले तर बऱ्याच थांबतात, सगळ्या नाही. मी हे मान्य करतो की थोड्या दुचाकी शिरतीलच. पण पूर्ण उघड्या रस्त्याशी तुलना केली तर हा उपद्रव किरकोळ आहे, आणि पूर्ण बंद भिंतीशी तुलना केली तर मिळणारा फायदा मोठा. कोकणाकडे यासाठी जुना नमुना आहे. डोंगरउतारावरच्या वाड्यांमधून दगडी पाखाड्या गेलेल्या आहेत: माणूस, गुरे आणि पावसाचे पाणी यांना मोकळ्या, गाडीला निरुपयोगी. दक्षिण कोकणात आजही त्या वापरात आहेत. नव्या लेआउटमध्ये चार फुटांची पाखाडी दाखवायला कोणत्या विकसकाचे दिवाळे निघणार आहे?

तिसरे म्हणणे असे की, माणसे पैसे मोजून एकांत विकत घेतात, त्यात इतरांनी नाक का खुपसावे. घराच्या आत हे ठीक. गल्ली मात्र मंजूर लेआउटमधला रस्ता असते, आणि ती नगरपरिषदेकडे वर्ग झाली की तिच्यावर दिवा, डांबर, गटार यांचा खर्च सगळे गाव करते. शिवाय कोंडून घेण्याचा प्रयोग आपण २०२०च्या टाळेबंदीत करून पाहिला. गावोगाव आळ्यांच्या तोंडाला बांबू बांधले गेले, काही ठिकाणी रस्त्यावर झाडे आडवी टाकली गेली. मुले मोकळ्या रस्त्यावर खेळली, पाखरांचे आवाज ऐकू आले, आणि त्याच आठवड्यांत रुग्ण खुर्चीत बसवून बांबूपर्यंत उचलून न्यावे लागले. आपल्याला काय हवे आणि काय नको, याचा इतका उघड पुरावा पुन्हा मिळणार नाही, आणि मिळूही नये. गंमत म्हणजे एकांताच्या या ओढीला आपल्याच वास्तुशास्त्राची साथ नाही. रस्ता ज्या घरावर येऊन आदळतो त्याला वीथीशूल म्हणून दोष लावतात, आणि बंद गल्लीतले टोकाचे घर नेमके तसेच असते. मला त्या शास्त्रावर विश्वास ठेवण्याचे कारण दिसत नाही. पण उतारावरच्या गावात रस्त्याच्या रेषेत बांधलेल्या घरावर पाणी आणि रात्री गाड्यांच्या दिव्यांचा झोत येतो, हे सांगायला शास्त्राची गरजही नाही.

करायचे काय, ते फार खर्चाचे नाही. नवा लेआउट मंजूर करताना बंद टोकाच्या उताराचा आकडा नकाशावर लिहून मागावा. टोकाला किमान चार फुटांची सार्वजनिक पायवाट आणि तिच्या बाजूने गटार शेजारच्या गटापर्यंत दाखवल्याशिवाय मंजुरी देऊ नये, म्हणजे शेजारचा गट विकसित होईल तेव्हा दोन्ही वाटा जुळतील. जुन्या आळ्यांत, जिथे मालक राजी असेल तिथे, भिंतीचा एक गाळा नगरपरिषदेने मोबदला देऊन घ्यावा. वळायच्या जागेवर पिवळे पट्टे मारून पार्किंग बंद करावे, आणि हे काम पोलिसांवर न सोडता गल्लीतल्यांनीच अंगावर घ्यावे, कारण उद्या रुग्णवाहिका त्यांच्याच दारी यायची आहे. आणि जी गल्ली आज दोन्ही टोकांना उघडी आहे पण भरधाव गाड्यांमुळे राहण्याजोगी उरलेली नाही, तिचे एक टोक खांब रोवून गाड्यांसाठी बंद करायलाही नगरपरिषदेने कचरू नये. बार्सिलोनाने २०१६ पासून काही वस्त्यांत आतल्या रस्त्यांवरून आरपार जाणाऱ्या मोटारी वळवल्या आणि पायी माणसाला सगळे मोकळे ठेवले. रोह्या-अष्टमीला त्यासाठी बार्सिलोनाएवढा पैसा लागणार नाही, चार लोखंडी खांब आणि एक ठराव पुरेल.

आणि जे आत्ता पेण-रोहे पट्ट्यात ‘आतल्या बाजूचा’ प्लॉट बघत आहेत त्यांना एवढेच सांगायचे आहे: साइट दाखवायला तुम्हाला मे महिन्यात नेतील, तुम्ही जुलैत जा, तेही दोन दिवस संततधार लागल्यावर. गल्लीच्या तोंडाशी गाडी सोडा आणि टोकापर्यंत चालत जा. पाणी तुमच्या पुढे चालत असेल तर सौदा तिथेच थांबवा. तुमच्याकडे येत असेल तर मंजूर नकाशा मागा, वळायची ८१ चौरस मीटर जागा आणि मागे जाणारी पायवाट कुठे आहे त्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा, आणि मगच विसाराची रक्कम द्या.